कोपरापासून बोटापर्यंत

उकिरड्यावर टाकलेला झेंडू लवकर मरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही तो तसाच पिवळाधमक पडलेला असतो आणि टाकणाऱ्याला ते बघवत नाही. म्हणून गोवर्धन शहरातून आला की भरली टोपली दारात ठेवायचा आणि पुढचं काम बायकोवर सोडून सरळ न्हाणीत शिरायचा. पार्बताबाई टोपली उचलायची, उकिरड्यावर पालथी करायची आणि वरून शेणाची पाटी टाकून फुलं झाकून टाकायची. 

अमरावतीच्या एका चौकात गोवर्धनच्या बापाने पोतं अंथरलं होतं. त्याच जागेवर गोवर्धनचे केस पिकले. या पावसाळ्यात मात्र चौकातला रस्ता उकरला गेला आणि दोन्ही अंगांनी पत्रे उभे राहिले. पत्र्याच्या आत गोवर्धन आणि त्याची फुलं, बाहेरून वळसा घालून जाणारं गिऱ्हाईक. कोणाला एवढी गरज पडली होती, की चिखलातून फळीवर पाय देत देत हार घ्यायला आत यावं! घाम गाळून वाढवलेली फुलं रोज शहर बघून परत येऊ लागली.

घर भातकुलीकडच्या एका गावात. विहिरीचं पाणी खारट, म्हणून शेततळं खणलेलं. त्या तळ्याच्या कडेचा तुकडा झेंडूचा. यंदाची रोपं रागिणीने, गोवर्धनच्या सुनेने, स्वतः लावली होती. आषाढातल्या चिखलात तिचे पाय पोटऱ्यांपर्यंत रुतत होते आणि एकेक रोप ती लेकराला झोपवावं तसं मातीत बसवत होती. आता त्याच तुकड्यावर गोवर्धनने निकाल देऊन टाकला होता.

"दसरा होऊ दे," भाकर मोडता मोडता तो म्हणाला. "देवमनले सांगतलं हाये. दुसऱ्या दिवशी तो ट्रॅक्टर घेऊन येईन. झेंडूत रोटावेटर फिरवतो अन् हरभरा पेरतो. लय झालं फुलाचं."

शेखर, त्याचा पोरगा, खाली मान घालून जेवत राहिला. फुलं गेली की तो पुण्याच्या कंपनीत जाणार, हे ठरल्यासारखंच होतं. तिथे एक खोली, एक खिडकी आणि खिडकीत दुसऱ्याची भिंत. रागिणी ती खोली गेल्या दिवाळीत पाहून आली होती. तिने ताट पुढे सारलं.

"मामाजी," ती सासऱ्याला म्हणाली, "गिऱ्हाईक मेलं नाई. त्याचा रस्ता बदलला. आता माणूस चालताना दुकानाकडं पाहात नाई, मोबाईलकडं पाहाते. आपून तिथी दिसलो तर घेईन."

"अन् फूल? तेबी मोबाईलमदून जाते का वं?"

"फूल हे नेऊन देतीन मोटरसायकलवर."

"देवाच्या फुलाचा आधी फोटू काढाचा अन् गावभर दाखवाचा! नजर लागते," गोवर्धन उठला. "गिऱ्हाईक समोर उभं राहाते, तवा त्याले धंदा म्हणतात. बाकी समदे चाळे."

चाळे तर चाळे! रागिणीने दुसऱ्या दिवशी चौक गाठला आणि पत्र्याच्या तोंडाशी उभी राहून ओळखीच्या प्रत्येक माणसाला नंबर मागितला. आत पोत्यावर बसलेल्या गोवर्धनने पाठ फिरवली. सून भर रस्त्यात लोकांना अडवते, हे पाहून त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण मजा अशी, की गिऱ्हाइकाचं नाव त्यालाही कधी ठाऊक नव्हतं. तो माणसं ओळखायचा ती त्यांच्या हारांवरून. म्हणून रागिणीच्या फोनमध्ये जी नावं पडली ती अशी: गुरुवारचा हार, चष्मेवाली मास्तरीण, गजरा बिनअबोली.

भल्या पहाटे दवात भिजलेल्या झेंडूचा फोटो काढायचा. खाली लिहायचं, 'आत्ता तोडतो. दारावर आणून देऊ.' ते त्या सगळ्या नंबरांवर पाठवायचं आणि मग फोन ओच्यात खोचून फुलं तोडायला लागायचं. सुरुवातीला ओच्यातला फोन मुका राहिला. रागिणी तोडता तोडता थांबायची, काढून बघायची, परत खोचायची. गोवर्धन वरंब्यावरून ते पाहायचा आणि बोलायचा नाही. त्याचं न बोलणं तिला शिवीपेक्षा लागायचं.

मग एका सकाळी मास्तरीणबाईंचा निरोप आला. दोन हार आणि सुटी फुलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारणीचा. नवरात्र बसलं आणि फोन ओच्यात गुरगुरायला लागला. शेखर मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी टोपल्या बांधून अंबापेठ, साईनगर करत फिरू लागला. उकिरड्यावरचं पिवळं कमी झालं. पार्बताबाईने ते पाहिलं, पण नवऱ्याच्या तोंडाकडे बघून तिने आनंद पदराआड ठेवला. गोवर्धन अजूनही चौकात जात होता आणि त्याच्या टोपलीतली फुलं अजूनही परत येत होती. एका घरातून फुलांच्या दोन वाटा निघत होत्या आणि त्याची वाट हरत होती. ते त्याला कळत होतं.

दसऱ्याला तीन दिवस उरले असताना मास्तरीणबाईंच्या भाच्याचा निरोप आला. हा अमोल धामणगाव रेल्वे या गावी, कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये मॅनेजर. मावशीच्या फोनवर त्याने फोटो पाहिला होता. दसऱ्याला जिनिंगवर कापूस खरेदीचा मुहूर्त, त्यासाठी मोठ्या फाटकाला माळ हवी होती. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत, मध्ये झोळ देऊन. किती लांबीपर्यंत करता, असं त्याने विचारलं. रागिणीने लिहिलं, 'आम्ही हातावर मोजतो.' थोड्या वेळाने उत्तर आलं, 'चौकीदाराकडून मोजून घेतलं. पन्नास हात.'

एवढी मोठी माळ या घरातून कधी गेली नव्हती. रागिणी फोन घेऊन धावतच सासऱ्यापुढे गेली.

"मामाजी, एवढी गेली तर देवमनभाऊले नाई म्हणसान का?"

गोवर्धनने तिच्याकडे न बघता सुपारी कातरली. "जाऊ दे तर आधी."

आता माळ्याच्या घरी हात म्हणजे काय, ते सांगायला हवं. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. चौकात गोवर्धन माळ अशी हातावर घेत घेत गिऱ्हाइकापुढे मोजायचा. गिऱ्हाईक डोळ्यांनी बघायचं, एखादं खट्याळ गिऱ्हाईक स्वतःचा हात त्याच्या हाताला लावून बघायचं, आणि वाद असेल तो तिथेच मिटायचा. वर चार फुलं जास्तीची द्यायची, ती वेगळीच. घरात ओवायचं काम सगळ्यांचं, पण मोजायचं फक्त गोवर्धनचं. लांब, हाडकुळा, कोपराला काळा घट्टा पडलेला त्याचा तो हात म्हणजे घरचं माप होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी अंगणात पोती पसरून ओवणं सुरू झालं. पार्बताबाई, रागिणी आणि शेजारची शालू. झेंडूच्या देठांनी बोटं हिरवी-काळी झाली, सुया बोथट झाल्या, पाठी आखडल्या. दुपार कलली तेव्हा माळेचं भलंमोठं वेटोळं अंगणात पडलं होतं.

"मामाजी, तेवढी मोजून द्या नं."

गोवर्धन बाजेवर आडवा होता. "ज्यानं ऑर्डर घेतली त्यानं मोजावं."

"अवो, द्या की मोजून. पोरगी सकाळपासून वाकून हाये," पार्बताबाई म्हणाली.

"सांगतलं नं एक डाव!"

रागिणीच्या डोळ्यांत पाणी तरारलं, पण तिने ते पडू दिलं नाही. तिने बाही वर सारली आणि स्वतः मोजायला बसली. ती अंगाने बारीक, हात लेकरासारखे लहान. एक, दोन, तीन. माळ कोपरावरून बोटावर आणि बोटावरून पुन्हा कोपरावर जात राहिली. बाजेवरून गोवर्धन बघत होता. मध्येच तो उठून बसला, काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं. रागिणीने वर पाहिलं. त्याने तोंड मिटलं आणि कुशीवर वळला. रागिणीला वाटलं, अजून राग गेला नाही.

पन्नास भरले. उरलेली फुलं सकाळच्या हारांना गेली.

दसऱ्याच्या पहाटे शेखर मित्राचा छोटा हत्ती टेम्पो घेऊन आला. ओल्या फडक्यात गुंडाळलेली माळ मागे ठेवली. रागिणी चढणार तोच गोवर्धन धुतलेला सदरा घालून आला आणि न विचारता माळेजवळ जाऊन बसला.

"तुमी कुटी?" शेखरने विचारलं.

"जाऊन राह्यलो," एवढंच तो म्हणाला.

 वाटेत सोयाबीनच्या मळण्या चालू होत्या आणि धुळीने सकाळ पिवळट झाली होती. रागिणीने माळेवर तीनदा पाणी शिंपडलं. गोवर्धन आपल्या गुडघ्यांकडे बघत बसला होता.

जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. आत वजनकाट्याजवळ पूजा मांडलेली, गुरुजी आलेले, शेठ पांढऱ्या कपड्यांत खुर्चीवर. अमोल घड्याळ बघतच पुढे आला. पोरगेलासाच होता, पण कपाळावर आठ्या म्हाताऱ्याच्या.

"चढवा लवकर. मुहूर्ताले थोडा वेळ हाये."

शेखर शिडीवर चढला. एक टोक डाव्या खांबाला बांधलं. चौकीदाराने दुसरं टोक घेऊन शिडी उजव्या खांबाकडे सरकवली आणि तो ओढू लागला. माळेचा झोळ सरळ झाला. माळ ताणली गेली. आणि खांब अजून लांबच होता. चांगला दोन माणसांएवढा लांब.

"ओढ नं!" अमोल ओरडला.

"काय ओढू? तुटन."

रांगेतल्या गाड्यांवरून कोणीतरी हसलं. 

"पन्नास हात सांगतले होते ताई," अमोल म्हणाला. तो ओरडला नाही, म्हणून ते जास्त बोचलं. "चौकीदारानं माह्यासमोर मोजलं."

"पन्नासच हायेत. म्या मोजले."

चौकीदार शिडीवरून उतरला. सहा फुटी गडी. "तुमी मोजले? दाखवा बरं हात."

रागिणीने हात पुढे केला. त्याने आपला हात तिच्या हाताशेजारी धरला. तिची बोटं त्याच्या बोटांच्या मुळाशीच संपत होती. आता हसणारा एकटा राहिला नाही. गाड्यांवरून, काट्याजवळून, सगळीकडून हसू आलं. रागिणीचा हात तसाच हवेत राहिला, तो खाली कसा घ्यावा हेही तिला सुचेना.

अमोलने खिशातून फोन काढला. अर्ध्यात लोंबणाऱ्या माळेचा, रिकाम्या खांबाचा फोटो काढला.

"हे काय करून राह्यले?" रागिणी म्हणाली.

"आमचा व्यापाऱ्यांचा ग्रुप हाये. धामणगाव, चांदूर, पुलगाव, समदे. मीच कालच्याले त्यात टाकलं होतं, फुलं पायजे असन तर ह्या ताईकडून घ्या म्हणून. आता हेबी टाका लागन. माह्या शब्दावर दुसरा कोणी फसाले नोको."

त्याचा अंगठा काचेवर होता. रागिणी त्या अंगठ्याकडे बघत राहिली. ज्या रस्त्याने गिऱ्हाईक आलं त्याच रस्त्याने आता नाचक्की जाणार होती, आणि ती तर मोटरसायकलपेक्षाही वेगाने. उद्या देवमन येईल. तळ्याकाठी रोटावेटर फिरेल. पुण्याची ती खिडकी तिला समोर दिसली.

"थांबा साहेब."

गोवर्धन पुढे आला होता. दोन्ही हात त्याने पाठीमागे घेतले होते.

"पोरीची चूक नाई. माप माहं चुकलं. आमच्या घरी मोजाचं काम माहं हाये."

चौकीदाराने त्याच्या उंचीकडे पाहिलं, खांद्यांकडे पाहिलं. पाठीमागे लपवलेले हात केवढे असतील, याचा अंदाज त्याला आला असावा. पण तो बोलला नाही.  रागिणीला काय चाललं आहे तेच कळेना.

"मुहूर्ताले किती वेळ हाये?" गोवर्धनने विचारलं.

"अर्धा तास. पण आता फुलं कुठून आणसान?"

"फुलं नाई लागत. ते मागं आंब्याचं झाड हाये, त्याची पानं तोडू द्या. अन् फोटू अर्धा तास खिशात ठेवा. नाई झालं तर टाका."

अमोलने शेठकडे पाहिलं. शेठने चेहरा फिरवला. अमोलने फोन खिशात ठेवला, पण हात खिशातच राहू दिला.

माळ खाली आली. गोवर्धनने तिथेच धुळीत बसकण मारली आणि सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली. पुडीत सुया होत्या आणि सुताचं गुंडाळं. रागिणीची नजर त्या पुडीवर अडकली. माळ ओवून झाली असताना हा माणूस सुया घेऊन का आला होता? पण विचारायला वेळ नव्हता.

"मुठीएवढी फुलं झाली की दोन पानं. देठाकडून टोच, पान फाटू देऊ नोको," तो म्हणाला.

शेखर झाडावर चढून डहाळ्या टाकू लागला. रागिणी आणि गोवर्धन माळेच्या दोन टोकांनी बसले. ओवलेली फुलं सैल करायची, सुताला गाठ मारून वाढवायचं, पानं घालायची, पुढे सरकायचं. ऊन वर आलं. कापसाचे तंतू उडून घामाला चिकटत होते. मागे गाडीवाले कुरकुरत होते. एक म्हातारा म्हणाला, "आज कापूस घेसान का फुलंच ओवत बससान?" गुरुजींनी मंत्र पुटपुटायला सुरुवात केली, मग थांबले, मग पुन्हा केली. रागिणीच्या अंगठ्यात सुई शिरली. तिने अंगठा पदराला पुसला आणि पुढची दोन पानं घेतली. देवाच्या माळेला रक्त लागू नये, एवढंच भान तिला होतं.

शेवटची गाठ बसली. तेव्हा गोवर्धन उभा राहिला आणि त्याने बाह्या वर केल्या. सगळ्यांच्या देखत त्याने माळ आपल्या हातावर घ्यायला सुरुवात केली. कोपरापासून बोटापर्यंत. तो लांब हाडकुळा हात आता लपलेला नव्हता. हा माणूस मोजण्यात चुकणारा नाही, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. चौकीदार खाली बघून मिशीत हसला.

माळ चढली. उजव्या खांबाला बांधून झाल्यावरही जास्तीची चार फुलं लोंबत राहिली. हिरवी पानं आणि पिवळी फुलं, अंगणात होती त्यापेक्षा देखणी झाली होती. शेठ उठले, नारळ फुटला, पहिली गाडी काट्यावर आली. अमोलने फोन काढला आणि पुन्हा एक फोटो घेतला.

"आता काय टाकता?" रागिणीने विचारलं.

"जे झालं ते," तो म्हणाला आणि गर्दीत गेला.

परतीच्या वाटेवर शेखर गाडी चालवत होता आणि मागे सासरा-सून समोरासमोर बसली होती. मंगरूळ मागे पडलं तेव्हा रागिणीने तोंड उघडलं.

"तुमी मोजलं नोतं, मामाजी."

"नाई."

"मंग सुया कावून आणल्या?"

गोवर्धनने सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला. "म्या पाह्यलं होतं. तुहा हात तोकडा पडून राह्यला हे दिसत होतं मले. बोललो नाई."

रागिणीच्या अंगाची आग झाली. सुनेने सासऱ्याशी कसं बोलावं ते सगळं ती विसरली. "माहा तमाशा पाहाचा होता का तुमाले? चार माणसांत मले उभं केलं! तिथी हात काढून दाखवला म्या, लोकं दात काढून हासले!"

"फोन हारावा असं वाटे, पोरी," गोवर्धन म्हणाला. त्याचा आवाज धुळीने बसल्यासारखा झाला होता. "तू हारशीन, हे ध्यानात नाई आलं. रातभर झोप नाई लागली. मंग सुया घेतल्या."

रागिणी रडली. रागाने रडली आणि मग नुसतीच रडली. तिला माफ करावंसं वाटत नव्हतं, आणि त्याने पाठीमागे लपवलेले ते हात डोळ्यांपुढून हलत नव्हते. तेवढ्यात ओच्यातला फोन गुरगुरला.

अमोलने दोन्ही फोटो टाकले होते. रिकामा खांबही आणि भरलेला खांबही. खाली लिहिलं होतं, 'माप चुकलं होतं. पण मुहूर्ताआधी घरचे लोक धुळीत बसले आणि पुरं करून दिलं. दिवाळीला मी यांच्याकडूनच घेणार.' त्याखाली कोणी चांदूरवाला विचारत होता, 'नंबर पाठवा. पण यांचा एक हात म्हणजे किती?'

रागिणीने ते मोठ्याने वाचून दाखवलं. गोवर्धनने आपल्या कोपरावरून अंगठा फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दव उतरायच्या आत रागिणी तळ्याकाठी फोटो काढायला गेली. झेंडूच्या ओळी भिजून उभ्या होत्या. आजच्यापुरत्या उभ्या होत्या की कसं, ते तिला माहीत नव्हतं, आणि विचारायची हिंमत नव्हती. मागून चप्पल वाजली. गोवर्धन आला होता. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत ओला होता, साबणाचा वास येत होता. आयुष्यभर कोपराला बसलेला काळा घट्टा त्याने घासून घासून लाल केला होता.

"त्या चांदूरवाल्याले उत्तर दिलं का?"

"नाई. काय देऊ?"

त्याने एक माळ हातावर आडवी टाकली आणि हात पुढे धरला. "काढ फोटू. कोपरापासून काढ, नाई तर लोकं पुन्हा फसतीन. अन् खाली लिही, माप याच हाताचं राहीन."

रागिणीने फोन समोर धरला. "हालवू नका, मामाजी."

तेवढ्यात धडधडत ट्रॅक्टर वावराच्या तोंडाशी आला. मागे रोटावेटरची पाती चमकत होती. देवमनने वरूनच हाक मारली, "गोवर्धनभाऊ, कोणत्या ओळीपासून घालू?"

गोवर्धनने मान वळवली नाही. हात हलू नये म्हणून तो होता तसाच उभा राहिला आणि तळ्याकडे तोंड करूनच ओरडला, "माघारी ने बाप्पा! फोटू काढून राह्यलो!"